एमजीबीचं जुनं इंजिन घरी ट्यून करायचंय? आधी टायमिंग, मग दोन एसयू कार्ब

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती नीट चालत नाही म्हटलं की बहुतेकांचा हात आधी जातो कार्बच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या) खालच्या जेटच्या नटवर (जेट म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक), कारण तो समोर दिसतो आणि बोटांनी फिरतो. मग दोन फ्लॅट (नटची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट) वर, तीन खाली असं करत अख्खा रविवार जातो आणि संध्याकाळी गाडी सकाळपेक्षा वाईट चालते. ह्या इंजिनाचा त्रास निम्म्याहून जास्त वेळा इग्निशनमध्ये (स्पार्कच्या बाजूला) नाहीतर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधल्या गॅपमध्ये) असतो आणि कार्ब बिचारा उगाच शिव्या खातो. म्हणून हा लेख पूर्ण क्रमाने लिहितोय. क्रम पाळा, मधली पायरी गाळू नका, कारण प्रत्येक पायरी आधीची बरोबर आहे असं धरूनच पुढे जाते.

गाडी कुठली ते आधी. एमजीबी १९६२ ते १९८० इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली, इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १७९८ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडवालं. मी बोलतोय ते १९७१-७२ पर्यंतच्या गाड्यांबद्दल, ज्यांना एसयू कंपनीच्या दीड इंची एचएस४ कार्बची जोडी आणि लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा) आहे. त्यानंतरच्या गाड्यांना एचआयएफ४ कार्ब आले, त्यांचं तत्त्व तेच, फक्त मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू बाजूला असतो आणि आत फिरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट, ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ह्याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे टॅपेट आणि टायमिंगची पद्धत तिथेही कामाला येईल, आकडे मात्र त्या गाडीच्या पुस्तकातले घ्या. एमजी टीसी किंवा टीडी असेल तर कार्बचा भाग बऱ्यापैकी तसाच लागू होतो, त्यांचेही एसयूच आहेत, फक्त छोटे.

काय काय लागेल

इंचातलं फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), टायमिंग लाईट म्हणजे स्ट्रोब (ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी स्पार्क होतो ते, मोजायचा डायल असलेला मिळाला तर उत्तम), आरपीएम आणि ड्वेल दाखवणारा मीटर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरींसकट, कॉम्प्रेशन गेज, हातभर रबरी नळी, पाने, पांढरा पेंट, आणि २० नंबरचं साधं तेल. कार्बची हवा मोजायचा फ्लो मीटर असेल तर सोपं जातं, नसेल तर नळीने काम भागतं. आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच हवा, ह्यात तडजोड नको, कारण ह्या इंजिनात कार्ब आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्ब बरोबर एक्झॉस्टच्या वर बसतात, मध्ये एक पत्र्याची हीट शील्ड एवढंच. फ्लोटमधून (कार्बच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतून) पेट्रोल सांडलं तर ते कुठे पडणार ते तुम्हीच बघा. गॅरेजचं दार उघडं ठेवा, टाय किंवा ढगळ बाह्या नकोत, पंखा समोरच फिरत असतो.

कशालाही हात लावायच्या आधी

इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. चांगल्या ८.८ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाला १६० पीएसआयच्या आसपास मिळतं, पण गेज गेजमध्ये फरक असतो म्हणून आकड्यापेक्षा चौघांतला सारखेपणा बघा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर ट्यूनिंग तिथेच थांबवा, आधी व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट बघावं लागेल. शेजारशेजारचे दोन पडलेले असतील तर हेड गॅस्केटवर पहिला संशय.

मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर ठेवलं तर बेस्ट, आणि टॅपेट लावा. गॅप ०.०१५ इंच, थंड असताना, आठही व्हॉल्व्हना सारखा. पद्धत नऊच्या बेरजेची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सहावा दाबलेला तेव्हा तिसरा, चौथा तेव्हा पाचवा, असं, बेरीज कायम नऊ. प्लग काढलेले असले की गाडी चौथ्या गिअरला टाकून सपाट जागेवर हाताने पुढे ढकलली तरी इंजिन आरामात फिरतं. एक लक्षात ठेवा, रॉकरचं टोक झिजून खड्डा पडलेला असेल तर फिलर गेज त्या खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखं जातं आणि खरा गॅप जास्त राहतो, मग टकटक काही जात नाही. तिथे गेज दाखवतं ते खरं धरू नका, रॉकर बदला.

टॅपेट का आधी, तर त्यांचा गॅप चुकला की व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलते, इंजिनचा ओढ म्हणजे व्हॅक्यूम बदलतो, आणि एसयू कार्ब तर पूर्ण त्या ओढीवरच चालतो. वर मॅनिफोल्डचे नटही एकदा बघून घ्या, कार्ब आणि मॅनिफोल्डमधले जाड ठोकळे आणि त्यांची गॅस्केट हवा ओढत नाहीत ना तेही.

इग्निशन: पॉईंटपासून सुरुवात

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि रोटर धरून शाफ्ट आडवा हलवून बघा. बाजूला खेळ जाणवला तर बुश गेलेत. अशा डिस्ट्रिब्युटरवर पॉईंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप कॅमच्या प्रत्येक लोबला, म्हणजे उंचवट्याला, वेगळा येतो आणि स्ट्रोबखाली खूण एका जागी न राहता थरथरते. त्यावर वेळ घालवू नका, डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करून घ्या, आणि देताना बॉडीवर कोरलेला नंबर लिहून ठेवा, कारण त्या नंबरावरून आतल्या वेट आणि स्प्रिंगचा (वेग वाढेल तसा स्पार्क आधी आणणाऱ्या) ॲडव्हान्स ठरतो. नंतरच्या अमेरिकन एमिशनवाल्या गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर दिसायला तसेच, पण ॲडव्हान्स वेगळा. जुन्या गाडीत कोणीतरी कधीतरी मिळेल तो बसवलेला असणं अगदी कॉमन आहे.

मग रोटर हाताने फिरवा आणि सोडा. थोडा फिरून स्प्रिंगने मागे आला पाहिजे. अडकला तर वेट जाम झालेत, रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब तेल टाका, झिरपून खाली जातं. फार टाकू नका, पॉईंटला तेल लागलं की स्पार्क गेला. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीला तोंड लावून हवा ओढा, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून नळी बंद केली की तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलाय. डायफ्राम गेलेली गाडी क्रूझला जास्त पेट्रोल खाते आणि गरम होते, पण पूर्ण थ्रॉटलला फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

पॉईंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच. जुन्या पॉईंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो, तिथे फिलर गेज खोटं बोलतं, म्हणून नवीन पॉईंट टाका आणि मग मीटरवर ड्वेल, म्हणजे पॉईंट बंद राहतात तो कोन, बघा: २५डी४ ला ६० डिग्री, तीन इकडेतिकडे. पॉईंटची टाच कॅमवर जिथे घासते तिथे चिमूटभर ग्रीस. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे येतं, म्हणून पॉईंट आधी आणि टायमिंग नंतर, उलटं करून चालत नाही.

कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी शोषणारा) आणि रोटर ह्याबद्दल जरा मनापासून सांगतो, कारण आजकाल ह्या दोघांनी जेवढ्या गाड्या रस्त्यात बंद पाडल्यात तेवढ्या कार्बने कधीच पाडल्या नसतील. नवीन मिळणारे कंडेन्सर गरम झाले की मरतात, थंड झाले की परत चालतात, आणि माणूस समजतो पेट्रोल व्हेपर लॉक झालं, म्हणजे वाफ होऊन अडकलं. रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असेल तर काही रोटर त्या रिव्हेटमधून आत शाफ्टला स्पार्क सोडून देतात. रिव्हेट नसलेले लाल रंगाचे रोटर मिळतात, तेच घ्या. डिकीत एक जुना पण चालणारा कंडेन्सर आणि रोटर कायम ठेवा. पॉईंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकायचं असेल तर टाका, चांगलं चालतं, पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला. तिला तिच्यासाठीचंच मॉड्यूल लागतं, चुकीचं लावलं तर त्याच क्षणी जळतं.

प्लगचा गॅप ०.०२५ इंच. एनजीकेचे बीपी६ईएस ह्या इंजिनाला छान बसतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा, रोटर घड्याळाच्या उलटा फिरतो.

टायमिंग आधी बल्बने

एक नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशनवर वर आणा. खात्री कशी करायची, तर चार नंबरचे दोन्ही रॉकर त्या वेळी हलत असतात, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय. आता पुलीवरची खूण. जुन्या गाड्यांत टायमिंगचे काटे खाली, पुलीच्या पोटाशी असतात, वाकून बघावं लागतं, नंतरच्यांना वर आहेत. खूण घासून पांढऱ्या पेंटने ठळक करा. ज्या पुलीत मध्ये रबर आहे तिची बाहेरची रिंग कधीकधी सरकलेली असते, मग खूणच चुकीची. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावून इंजिन हळूच एकीकडे टेकेपर्यंत आणि मग दुसरीकडे टेकेपर्यंत फिरवा, दोन्ही वेळा पुलीवर खूण करा, त्या दोघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर. हे एकदा केलं की आयुष्यभर डोक्याला शांतता. ह्याशिवाय पुढचे सगळे आकडे हवेत.

मग इंजिन चालत्या दिशेने फिरवत टॉपच्या १० डिग्री आधी आणून थांबवा. थोडं पुढे गेलं तर नुसतं मागे आणून थांबू नका, चांगलं मागे नेऊन परत पुढे आणा, म्हणजे चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन ऑन. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझेल. आता एकदम हळू घड्याळाच्या दिशेने, जिथे बल्ब पेटतो तिथे पॉईंट उघडले. क्लॅम्प घट्ट करा, परत तपासा, कारण घट्ट करताना बॉडी सरकते. एवढ्यावर गाडी सुरू होते आणि घरी येण्याइतकी नीट चालते.

मग स्ट्रोबने, आणि इथे खरी मजा

बऱ्याच एमजीबीत बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, सहा-सहा व्होल्टच्या दोन, त्यामुळे स्ट्रोबच्या वायरी पोचत नाहीत. सरळ एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी शेजारी ठेवून स्ट्रोब त्यावर चालवा, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थचाही घोळ नाही. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा.

पुस्तकात लिहिलंय ६०० आरपीएमला १४ डिग्री. लोक काय करतात, गाडी ८०० किंवा ९०० वर स्लो चालत असते आणि तिथेच १४ लावून मोकळे होतात. इथेच गाडी मठ्ठ होते. ह्या डिस्ट्रिब्युटरचे वेट फार लवकर उघडतात, ९०० ला तर त्यांचा बराचसा ॲडव्हान्स आलेला असतो, म्हणजे तुम्ही तिथे १४ धरलं की इंजिन अख्ख्या रेंजमध्ये काही डिग्री मागे राहतं. पिकअप नाही, एक्झॉस्ट तापतो, टेम्परेचरचा काटा चढतो, आणि मालक कार्ब उघडून बसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, ह्या इंजिनाचं टायमिंग वरून लावा. कोणाला तरी थ्रॉटल धरायला सांगा, हळूहळू रेस वाढवा आणि खूण बघत रहा. ती सरळ, न अडखळता वर चढली पाहिजे आणि एका जागी येऊन थांबली पाहिजे. सुरुवातीच्या एमजीबीत १० स्टॅटिक (इंजिन बंद असताना बल्बने लावलेले) आणि वेटचे जास्तीत जास्त २० मिळून ३० च्या आसपास येतात. ३००० ते ३५०० वर धरून, खूण थांबली की तिथे ३० लावा. इंजिन सुदृढ असेल आणि पेट्रोल चांगलं असेल तर ३२ पर्यंत जायला हरकत नाही. मग खाली येऊन स्लोला काय येतंय ते नुसतं लिहून ठेवा. वर ३० आणि खाली फारच कमी किंवा फारच जास्त असेल तर वेट-स्प्रिंग चुकीचे किंवा थकलेले आहेत. स्प्रिंग ताणली गेलेली असेल तर खूण एकदम उडी मारून वर जाते, तेही ह्याच वेळी दिसतं.

बारीक ॲडजस्टमेंटला २५डी४ च्या व्हॅक्यूम युनिटच्या बाजूला छोटा खाचांचा नट आहे. फिरवला की क्लिक-क्लिक करतो, साधारण ११ क्लिकला एक डिग्री, ए कडे ॲडव्हान्स, आर कडे रिटार्ड. किती सुंदर सोय आहे ही, रस्त्यावर उभं राहून कुठल्याही अवजाराशिवाय टायमिंग हलवता येतं. सुरुवातीला तो नट मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. इंजिन चांगलं गरम झाल्यावर चढावर, चौथ्या गिअरला, दोन-अडीच हजारवर थ्रॉटल पूर्ण दाबा. कडकड असा बारीक धातूचा आवाज आला तर नॉकिंग आहे, एक डिग्री मागे या, परत बघा. आवाज यायचा पूर्ण थांबेल तिथे टायमिंग. पुस्तकातला आकडा साठच्या दशकातल्या शिसं घातलेल्या पेट्रोलवरचा आहे, तुमच्या टाकीत जे आहे त्यावर इंजिन काय म्हणतंय ते जास्त महत्त्वाचं.

आता कार्ब

एसयूचं काम समजलं की ॲडजस्टमेंटची भीती जाते. स्किनर घराण्याचं हे डिझाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि कल्पना अशी की वरच्या डोममध्ये एक पिस्टन आहे, इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो वर उचलला जातो. पिस्टनच्या पोटाला एक निमुळती नीडल, ती खालच्या जेटच्या भोकात. पिस्टन वर गेला की नीडलचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलला जास्त वाट मिळते. बस, एवढंच. स्लो, मधली रेंज, फुल थ्रॉटल सगळ्याला एकच जेट, म्हणून स्लोला जेट हलवलात तर वरचं मिक्श्चरही हलतं. डोमच्या वरच्या टोपीला लटकलेला डॅम्पर तेलात असतो, तो पिस्टनला एकदम उडू देत नाही, त्यामुळे थ्रॉटल दाबताना क्षणभर मिक्श्चर रिच होतं. तेल संपलं की पिकअपला गाडी गचका खाते, आणि हे इतकं साधं कारण लोक महिनोन्‌महिने शोधत असतात.

आधी साफसफाई. डोम काढताना त्यावर आणि बॉडीवर खूण करा. पुढच्या कार्बचा पिस्टन पुढच्याच डोममध्ये, मागचा मागच्यात, ह्या जोड्या कारखान्यात जुळवलेल्या असतात, अदलाबदल करू नका. आतून पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने पुसा, पॉलिश पेपर अजिबात नाही. पिस्टनच्या कडेला तेल लावायचं नाही, फक्त मधल्या दांड्याला एक थेंब. नीडलचा खांदा पिस्टनच्या खालच्या सपाटीला बरोबर लेव्हलमध्ये हवा, आणि नीडल एका बाजूने चकाकत असेल तर ती जेटला घासतेय. घासलेली नीडल म्हणजे जेटचं भोकही लांबट झालेलं, दोन्ही एकत्र बदला. ह्यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टँडर्ड नीडल नंबर ५, थोडी रिच हवी तर ६. ओरिजिनल फिल्टरचे डबे काढून उघडे स्पोर्ट्स फिल्टर लावलेत तर बहुतेकदा ६ कडे जावं लागतं.

डोम बसवून पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा, खाली पडताना ब्रिजवर (जेटभोवतीच्या सपाट उंचवट्यावर) स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. जेट वर असताना आवाज येत नाही आणि खाली असताना येतो, असं असेल तर जेट सेंटरला नाही. फिक्स नीडलच्या कार्बमध्ये जेटचा मोठा लॉकनट सैल करून, पिस्टन हलक्या हाताने खाली दाबून, परत घट्ट करायचा, आवाज येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, चार-पाचदा करावं लागतं, पण हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं वाया. स्प्रिंगवाली तिरकी नीडल असेल तर हा त्रास नाही.

फ्लोट: झाकण उलटं धरा, सुई बंद असताना फ्लोट आणि झाकणात १/८ ते ३/१६ इंच जागा हवी, दोन्ही कार्बना अगदी सारखी. तपासायची अजून एक पद्धत, इग्निशन ऑन करून इंजिन सुरू न करता मागच्या पेट्रोल पंपाची टिकटिक ऐका. फ्लोट भरले की टिकटिक थांबली पाहिजे. दर काही सेकंदांनी एखादी टिक येतच राहिली तर फ्लोटची सुई गळतेय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह मागे सोडतोय.

थ्रॉटलच्या स्पिंडलचा खेळही बघा. बाजूला हलवल्यावर खडखडत असेल तर तिथून हवा शिरते, आणि ती कधी किती शिरेल ते सांगता येत नाही, म्हणून स्लो कधीच स्थिर राहत नाही. ह्यावर कुठलंही ॲडजस्टमेंट चालत नाही, बुश टाकावेच लागतात. एसयूचे सुटे भाग आजही नवीन बनतात, ही ह्या कार्बची फार मोठी कृपा आहे.

तेल भरा: आतल्या पोकळ दांड्याच्या वर अर्ध्या इंचापर्यंत, २० नंबर.

दोन्ही कार्ब सारखे करणं

इंजिन पूर्ण गरम हवं, फिल्टर काढून ठेवा. दोन कार्बमधल्या थ्रॉटलच्या जोडदांड्याचे क्लॅम्प सैल करा, चोकचे जोडही सैल, फास्ट आयडलचे (चोक ओढल्यावर स्लो वाढवणारे) स्क्रू मागे घ्या. म्हणजे दोन्ही कार्ब एकमेकांपासून सुटे झाले. दोन्ही थ्रॉटलचे स्क्रू नुसते टेकतील असे आणा आणि तिथून दोघांना एक-एक आटा आत. जेट दोन्ही वर ब्रिजच्या लेव्हलला आणून तिथून दोन आटे, म्हणजे नटच्या १२ फ्लॅट, खाली. जेट बोटाने वर दाबून नटला नीट टेकलंय ना ते बघा, चोक सोडल्यावरही जेट अडकून खाली राहिलं तर एकच कार्ब रिच चालतो आणि वेड लागायची पाळी येते.

सुरू करा, स्लो हजारच्या जवळ असू द्या. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं पुढच्या कार्बच्या तोंडात एका ठरावीक जागी, मग मागच्यात तशाच जागी. सूंऽऽ असा आवाज दोन्हीकडे सारखा हवा. जिथे आवाज जोरात तिथला थ्रॉटल स्क्रू जरा मागे, दुसरा जरा पुढे. फ्लो मीटर असेल तर दोन्हीला सारखा आकडा. आधी हवा सारखी, मग पेट्रोल.

आता मिक्श्चर. दोन्ही जेट सारख्याच फ्लॅटने एकत्र वर किंवा खाली करा, जेट वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी), खाली म्हणजे रिच. एका वेळी एकच फ्लॅट, आणि दहा सेकंद थांबा. आरपीएम जिथे सगळ्यात वर जातं आणि आवाज गुळगुळीत होतो ती जागा शोधा, मग रेस घसरायला लागेपर्यंत जेट वर न्या आणि एक फ्लॅट खाली या.

मग प्रत्येक कार्बची वेगवेगळी परीक्षा. कार्बच्या बाजूची छोटी पिन हळूच वर ढकला, पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचलला गेला पाहिजे, त्याहून जास्त नको. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर तो कार्ब रिच. इंजिन लगेच पडायला लागलं तर लीन. जराशी वाढून लगेच परत जागेवर आली तर बरोबर. पुढचा कार्ब एक आणि दोन सिलिंडरला पाजतो, मागचा तीन आणि चारला, पण मॅनिफोल्डमध्ये दोघांना जोडणारी नळी आहे, त्यामुळे मागचा हलवला की पुढच्याचं उत्तर बदलतं. पुढचा, मागचा, परत पुढचा. घाई नको. दोन-तीन मिनिटं स्लो चालल्यावर एकदा जोरात रेस देऊन इंजिन मोकळं करा, मग पुढे जा, नाहीतर प्लग काळवंडून खोटं उत्तर देतात.

हे झालं की परत नळी लावून हवा बघा, स्लो ७०० ते ८०० वर आणा, दोन्ही स्क्रू सारखे फिरवत. मग जोडदांड्याचे क्लॅम्प लावायचे, आणि इथे एक बारकावा: थ्रॉटलच्या स्टॉपखाली ०.०१२ इंचाचं फिलर गेज ठेवून, दोन्ही लिव्हरच्या पिना आपापल्या खाचेच्या खालच्या कडेला हलकेच टेकतील अशा धरून मग नट घट्ट. म्हणजे पाय ठेवताच दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतात. हे चुकलं तर स्लोला सगळं छान आणि रस्त्यावर हलक्या थ्रॉटलला गाडी लंगडते. क्लॅम्प लावल्यावर १५०० वर धरून नळीने परत एकदा दोन्हीकडे ऐका. शेवटी चोकचे जोड, दोन्ही जेट एकत्र खाली जातील असे, आणि फास्ट आयडल हजार-अकराशेवर.

फिल्टर परत बसवल्यावर पिनची परीक्षा पुन्हा एकदा करा. फिल्टर तुंबलेले असतील तर मिक्श्चर रिच झालेलं कळतं.

रस्त्यावर

वीस-तीस किलोमीटर नेहमीसारखी चालवा, मग मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ एकसारखा वेग धरून क्लच दाबून इग्निशन बंद करून बाजूला थांबा. थांबताना ब्रेक जड होऊ शकतो, स्टिअरिंगचं कुलूप लागू देऊ नका, आणि मागे कोणी नसेल तेव्हाच हे करा. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर छान, पांढरा फट्ट असेल तर लीन, काळा मऊ थर असेल तर रिच. आजच्या पेट्रोलवर रंग फिके येतात, त्यामुळे फार गडद तपकिरीची वाट बघू नका. एक-दोनची जोडी तीन-चारच्या जोडीपेक्षा वेगळी दिसली तर कार्ब सारखे नाहीत. जोडीतल्या जोडीत थोडा फरक चालतो, दोन सिलिंडर एकाच पोर्टमधून ओढतात म्हणून तो येतोच.

एक्झॉस्टमध्ये वाईडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) बसवायची सोय असेल तर ह्यापेक्षा खरं उत्तर कुठेच नाही. एक भाग पेट्रोलला हवा क्रूझला १४ च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला साडेबारा ते तेरा. स्लोला बरोबर, पण वर लीन असेल तर जेट हलवून उपयोग नाही, नीडलच बदलायला हवी.

पेट्रोलमधलं इथेनॉल हा आजचा मोठा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं, भारतात आता ई२०. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेच जेट आणि तीच नीडल आता लीन पडते. ई१० ला बहुतेकदा एखाद-दोन फ्लॅटने भागतं, ई२० ला रिच नीडलचा विचार करावाच लागतो. शिवाय जुने रबरी पाईप आणि फ्लोटच्या सुईचं रबर ते खातं, म्हणून पाईप इथेनॉल सोसणारे टाका आणि दर वर्षी वाकवून चिरा पडल्यात का बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर फ्लोटमध्ये पेट्रोल ठेवू नका.

ह्यानंतर दर ३००० मैलांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरला, डॅम्परचं तेल बघा आणि पॉईंट तपासा. पॉईंटची टाच झिजत जाते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. वर लावलेलं ३० हळूहळू २७-२८ वर येतं आणि गाडी आळशी वाटायला लागते. तेव्हा आधी ड्वेल ६० वर आणा, स्ट्रोब लावा, आणि कार्बचे नट आहेत तिथेच राहू द्या.